देवाच्या तोंडावरचा कुंचला

नाटक कंपनीत मी सव्वीस वर्षे तोंडे रंगवली. हे मी मुद्दाम असे उघड लिहितो आहे, कारण पाहुण्यांना माझी ओळख करून देताना आमच्या घरचे अजूनही 'नाना नाटकात होते' एवढे म्हणून वेळ मारून नेतात. पाहुणा मग विचारतो, 'कोणतं काम करायचे?' मी सांगतो, 'सगळी.' राजा, राणी, राक्षस, ऋषी, दूत, सगळे माझ्याच हातून बाहेर पडले आहेत. टाळ्या त्यांना मिळाल्या, पण तोंडे माझी होती.

लोकांना वाटते की यात रंगच महत्त्वाचा. रंग काय, बाजारात मिळतो. सफेता, पिवडी, हिंगूळ, काजळ आणि कालवायला खोबरेल, एवढ्यावर आमचे दुकान चाले. कुंचला मात्र तेव्हा मनासारखा मिळत नसे. तो स्वतः करावा लागे. भुवया आणि डोळ्यांच्या रेघांसाठी खारीच्या शेपटीचे केस. ते मुळाशी दोऱ्याने बांधून सरसाने चिकटवायचे, कबुतराच्या पिसाची नळी भिजवून मऊ करायची आणि केस तिच्यातून ओढून टोके तेवढी बाहेर काढायची. नळी वाळली की आवळते, मागे काडी बसवायची. टोके खारीच्या अंगावर होती तशीच राहिली पाहिजेत. नीटनेटके दिसावे म्हणून कात्री लावलीत की कुंचला गेला, झाडू उरला. मी पहिले चार कुंचले असेच कापून वाया घालवले आहेत, तेव्हा हे ऐकीव ज्ञान नाही.

कुंचला पारखायचा तर पाण्यात बुडवून एक झटका द्यावा. केस आपोआप एका टोकाला मिळाले तर ठेवावा, फाटे फुटले तर फेकावा. मग तो स्वतःच्या पापणीवरून फिरवून पाहावा. आपल्याला टोचतो तो दुसऱ्याला टोचणारच. काम झाले की रिठ्याच्या कोमट पाण्यात धुवावा, वाळल्यावर कडुलिंबाच्या पाल्यात गुंडाळावा, नाही तर कसर लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो कोणालाही देऊ नये. जव्हारला दसऱ्याच्या दरबाराआधी एक पिकल्या मिशीचे भारदस्त गृहस्थ रंगपटात आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, 'तुमचा तो बारका कुंचला जरा घरी नेतो, आमच्या हिला चित्राला रंग द्यायचाय.' मी म्हटले, 'चित्र इथंच बसवा खुर्चीवर, मी देतो.' गृहस्थ निमूटपणे खुर्चीवर बसले. मिशी वीस वर्षांनी तरुण होऊन गेली, कुंचला माझ्याकडे राहिला.

अशी मिजास करणाऱ्या मला कुंचला कसा धरायचा हे सूर्यमाळच्या डोंगराखालच्या एका शेतकऱ्याने शिकवले. ते सांगण्यासाठीच आज लिहायला बसलो आहे.

आमच्या कंपनीत वामनराव म्हणून एक नट होते. ते स्त्रीपार्ट करीत. तेव्हा बायका रंगभूमीवर येत नसत, पुरुषच लुगडे नेसत. वामनरावांची द्रौपदी पाहायला माणसे दहा-दहा कोसांवरून गाड्या जोडून येत. बालपणापासून लुगड्यात वावरलेला माणूस. धोतर नेसून रंगमंचावर उभे कसे राहायचे हेच त्यांना माहीत नव्हते. आमचा नाशिकला मुक्काम असताना त्यांना देवीच्या आजाराने गाठले. महिनाभर अंथरुणावर होते. जीव वाचला, पण चेहऱ्यावर खोल वण राहिले. कपाळ, गाल, हनुवटी, कुठेही बोट ठेवावे तर खड्डाच लागे.

कंपनीचे मालक तात्या. माणूस वाईट नव्हता, पण पंचवीस जणांची पोटे सांभाळायची होती. त्यांनी मला बोलावून विचारले, 'नाना, खरं सांग. जमेल का?'

मी रंग लावून पाहिला होता. तेव्हाची आमची पद्धत म्हणजे रंग तळहातावर कालवायचा आणि बोटांनी तोंडावर चोळायचा. कुंचला फक्त रेघांपुरता. चोळले की रंग खड्ड्याच्या कडेवरून पुसला जाई आणि आत साचे, त्यामुळे प्रत्येक वणाभोवती गोल कडे दिसे. जाड थर दिला तर ते हसताच गालावर शेतातल्या चिखलासारख्या भेगा पडत. मी मान हलवली आणि म्हणालो, 'तात्या, हा चेहरा गेला.'

पलीकडे पडद्याआड वामनराव बसले होते. मला ते माहीत नव्हते. पडदा हलला तेव्हा कळले. जन्मात पुष्कळ चुकीचे बोललो, पण त्या वाक्याइतकी लाज मला दुसऱ्या कशाचीच वाटत नाही.

पावसाळ्याच्या अखेरीस तात्यांनी सोलापूरकडच्या एका नव्या स्त्रीपार्टीला पत्र घातले. एवढ्यात जव्हारच्या दरबाराकडून दसऱ्याला नाटक करण्याचे बोलावणे आले. नवा नट परस्पर जव्हारला येणार होता. तो वेळेवर पोचला नाही तर तेवढा एक प्रयोग वामनरावांनी करायचा आणि मग घरी जायचे, असे ठरले. आम्ही आगगाडीने इगतपुरीला उतरलो, बैलगाड्या केल्या आणि खोडाळ्यावरून जव्हारच्या वाटेला लागलो. वामनराव शेवटच्या गाडीत, तोंडाला उपरणे गुंडाळून. कोणी विचारले की म्हणत, 'धूळ फार आहे.' पावसाळा नुकताच सरलेला, रस्त्यावर धूळ औषधालाही नव्हती.

खोडाळ्याला एका गाडीचा आस मोडला आणि दोन दिवस मुक्काम पडला. तिथेच जव्हारहून निरोप आला. दसऱ्याला डोंगरपाड्यांतली माणसे दरबार पाहायला येतात, त्यांना दिवस मावळायच्या आत परत फिरायचे असते. तेव्हा नाटक दुपारी, उघड्या मांडवात व्हावे.

दिव्यांच्या उजेडात पदर ओढून कसेबसे निभावले असते. दुपारच्या उन्हात काय झाकणार? तात्यांनी डोक्याला हात लावला. मला मात्र कसली तरी चीड आली. कदाचित स्वतःचीच असेल. मी म्हटले, 'तात्या, भर उन्हात चेहरा निभावला तर?'

'तू म्हणालास ना, गेला म्हणून?'

'म्हणालो. पण निभावला तर?'

'तर तो स्वतः नको म्हणेपर्यंत द्रौपदी त्याची. माझा शब्द.'

शब्द तर मिळाला, पुढे काय करायचे याचा पत्ता नव्हता. मी बसलो कुंचले धूत. सवयीप्रमाणे ते पेल्यात उभे करून वाळत ठेवले. बाजाराचा दिवस होता. डोक्याला फडके, खांद्यावर घोंगडी असा एक म्हातारा समोर येऊन उभा राहिला. बराच वेळ पाहून म्हणाला, 'दादा, उभं नको ठेवू. पानी खाली उतरता, सरस सुटता. उलटं टांग.'

मला राग आला. पंधरा वर्षे हेच काम करणाऱ्याला हा नागली-नाचणीवाला शिकवणार! मी म्हटले, 'बाबा, तुम्ही शेती करता का कुंचले?'

'दोनी,' तो म्हणाला. खाली बसला, माझ्या पेल्यातला एक कुंचला उचलून त्याने केस हलकेच ओढले. तीन केस त्याच्या हातात आले. ते त्याने माझ्या तळहातावर ठेवले.

त्याचे नाव जान्याबाबा. पाडा सूर्यमाळच्या डोंगराखाली. तिकडे उन्हाळ्याच्या तोंडाशी गावोगाव बोहाडा होतो. देवादिकांचे मुखवटे घालून घराघरातली माणसे नाचतात, आणि कोणते सोंग कोणत्या घराचे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. जान्याबाबाच्या घराकडे मुखवटे दुरुस्त करून रंगवण्याचे काम होते. पावसाळ्यात ओल लागून मुखवट्यांचे पोपडे निघतात, किडा भोके पाडतो. म्हणून तो हिंगूळ घ्यायला बाजारात आला होता.

भोके म्हटल्यावर माझे कान उभे राहिले. 'भोकं पडलेल्या तोंडावर रंग बसतो?'

'बसता. बसवावा लागता.'

'मला दाखवाल?'

'चाल ना मंग.'

त्याला चांगला ओंजळभर हिंगूळ दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. वामनरावांना अक्षरशः ओढून नेले. 'मला कशाला?' म्हणत होते. वाट चढाची, दोन्ही बाजूंना भाताची खाचरे पिवळी पडलेली, वर उतारावर नागली. वामनरावांनी सबंध वाटेत उपरणे सोडले नाही.

जान्याबाबाने ओसरीवर घोंगडी टाकली, सुनेने पाणी दिले. मग त्याने आतून एक मुखवटा आणला. अर्धा गाल किड्याने चाळण केलेला, अर्धा दुरुस्त केलेला. दुरुस्त केलेल्या भागावर मी नाक टेकवून पाहिले, एक भोक दिसेना. माझी खात्रीच पटेना, म्हणून त्याने मला बोट फिरवू दिले.

तो काम करू लागला आणि मी पाहत राहिलो. आधी बारीक कुंचल्याने एकेका भोकात चिंचोक्याच्या खळीत कालवलेल्या खडूचा थेंब सोडायचा, काठोकाठ, वर नाही. तो बसू द्यायचा. मग दुसरा कुंचला. तो मी असा कधी पाहिला नव्हता. करडाच्या कानामागच्या लवेचा, अंगठ्याएवढा जाड, टोकाला गोल, कापसासारखा मऊ. त्याने रंग ओढायचा नाही. सरळ उभा धरून नुसता टेकवायचा आणि उचलायचा. टेकवायचा आणि उचलायचा.

'वडला का कड दिसता,' जान्याबाबा म्हणाला. 'टेकवला का दिसत नाय.'

एवढेच. पंधरा वर्षे मी तोंडे चोळत होतो.

मी म्हटले, 'बाबा, हा कुंचला चार दिवस मला द्या. दसऱ्याला जव्हारात परत देतो.'

त्याने तो कपाळाला लावला आणि फडक्यात गुंडाळला. 'हा देवाचा आहा. माणसाचे तोंडाला नाय लावायचा. आमचे बाचा नेम आहा.'

'दुसरा करता येईल?'

'येल. पन करडू आता मोठं झालं. ती लव आता मिळायची नाय. माघात मिळल.'

दसरा चार दिवसांवर होता. मी गयावया केली, कंपनीची अडचण सांगितली, एका माणसाच्या पोटाचा प्रश्न आहे म्हटले. म्हातारा मान हलवत राहिला. चिडून नाही, अगदी वाईट वाटून. नेम तो नेम. मी उठलो आणि वामनरावांना म्हटले, 'चला, निघू.'

वामनराव उठेनात. त्यांनी हळूच उपरणे सोडले. नाशिक सोडल्यापासून परक्या माणसासमोर पहिल्यांदाच. म्हणाले, 'बाबा, पोटाचा प्रश्न आहेच. पण निदान तोंड बघून नाही म्हणा.'

जान्याबाबा जवळ आला. त्याने वामनरावांची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. आमच्याकडे लोक नजर चुकवत. हा टक लावून पाहत होता. मग त्याने सुनेला हाक मारली. ती आली, पाहिले आणि तिने पदर पुढे घेऊन हात जोडले. मला काही उमजेना.

'माय कवा येऊन गेली?' जान्याबाबाने विचारले. तो देवीलाच माय म्हणत होता.

'चैत्रात,' वामनराव म्हणाले.

'तुला ठेवून गेली.'

'हो. ठेवून गेली.'

जान्याबाबाने फडके सोडून कुंचला माझ्यापुढे धरला. 'याला लावायचा. हे तोंड आता निसता माणसाचा नाय. हेचे वर तिनं हात फिरवला आहा.'

वामनराव रडले. मी पण रडलो, लपवत कशाला? ज्या चेहऱ्याला मी 'गेला' म्हणालो होतो त्याला त्या म्हाताऱ्याने देवाच्या ओळीत नेऊन बसवले. उतरताना वामनरावांनी उपरणे खांद्यावर टाकले होते, ते जव्हार येईपर्यंत वर गेले नाही.

कुंचला देताना जान्याबाबाने एकच अट घातली होती, धुवायचा त्याने स्वतः. तसा तो दसऱ्याला जव्हारला येणारच होता, तो आमच्याच गाडीत बसला. वाटेत आम्ही दोघांनी वामनरावांच्या डाव्या गालावर तीनदा प्रयोग केले. खडूची खळ माणसाच्या तोंडावर टिकेना. मुखवटा हसत नाही, माणूस हसतो. तिथे माझी विद्या कामाला आली. मधाच्या पोळ्याचे मेण खोबरेलात पातळ केले, त्यात सफेता आणि पिवडी कालवून कातडीचा रंग आणला आणि तो कोमट असताना एकेका वणात सोडला. वामनरावांना हसवले, रडवले, ओरडायला लावले. मेण वाकले, तुटले नाही. जान्याबाबा बोटाने दाबून म्हणाला, 'हा चांगला. पुढल्या साली मी पन मेन घालीन.' मला पदक मिळाल्यासारखे झाले.

पुढे मी त्याच्याकडून तसले चार कुंचले करायला शिकलो आणि त्यांच्यावर माझे नाव झाले. मोठमोठ्या कंपन्यांचे लोक विचारत, 'नाना, ही टेकवणी कुठं शिकलात?' मी गालातल्या गालात हसे आणि म्हणे, 'हाताचा गुण.' जान्याबाबाचे नाव मी कधी सांगितले नाही. तो गेल्यावरच मला त्याची टोचणी लागली. आज नाव छापून येते आहे, तेवढीच भरपाई.

दसऱ्याच्या दिवशी सकाळपर्यंत नवा नट पोचला नाही. त्र्यंबककडून येणाऱ्या घाटात त्याची गाडी अडकली होती म्हणे. मी वामनरावांना उन्हातच बसवले, रंगपटात नाही. ज्या उजेडात दिसायचे त्याच उजेडात रंगवायचे. वण भरायलाच दोन तास लागले. मग करडाच्या लवेचा कुंचला, टेकव आणि उचल. शेवटी तेलाची चमक मारायला तांदळाची पिठी, तीही त्याच हाताने. तात्या लांब उभे होते. जवळ यायचा धीर त्यांना होत नव्हता. जान्याबाबा मात्र माझ्या खांद्यावरून पाहत होता आणि मधूनच बोट दाखवी, 'हे एक राहला.' एकही राहू दिला नाही त्याने.

मांडव गच्च भरला होता. पुढे दरबारी मंडळी, बाजूला चिकाच्या, म्हणजे बांबूच्या कामट्यांच्या पडद्याआड जनाना, आणि मागे पार झाडांपर्यंत डोंगरातून उतरलेली माणसे. ऊन डोक्यावर. द्रौपदी मंचावर आली आणि कोणी खोकले नाही. मी पडद्याच्या फटीतून प्रेक्षकांकडे पाहत होतो; आमच्या धंद्यात नटाकडे नाही, पाहणाऱ्याच्या डोळ्यांकडे पाहायचे असते. पहिल्या रांगेतल्या एकाचीही नजर अडखळली नाही. भर सभेतल्या प्रवेशात वामनरावांनी मान वर केली आणि पदर मुद्दाम खाली टाकला. सगळा चेहरा उन्हात उघडा टाकला! चिकाच्या पडद्यामागून हुंदका ऐकू आला, आणि मी श्वास सोडला.

तेवढ्यात माझ्या शेजारी कोणीतरी वळकटी खाली ठेवली. धुळीने माखलेला, गोरा, नाजूक चेहऱ्याचा तरुण. सोलापूरचा नवा नट. त्याने नमस्कार केला आणि फटीला डोळा लावला. बराच वेळ तो द्रौपदीवरून नजर काढीना. मग हळू आवाजात म्हणाला, 'नाना ना तुम्ही? एक विचारू? ज्यांच्या जागी मला बोलावलंय, ते कुठं आहेत? देवीनं चेहरा गेला म्हणे बिचाऱ्यांचा. त्यांच्या पाया पडायचं होतं.'

मी फटीकडे बोट दाखवले.

'ती तर द्रौपदी.'

'तेच ते.'

त्याने पुन्हा फटीला डोळा लावला. अंक संपेपर्यंत तो हलला नाही. पडदा पडला तसे तात्या धावत आत आले, त्याला पाहून थबकले. तरुणच पुढे झाला आणि म्हणाला, 'मालक, द्रौपदी राहू द्या. दासीचं काम रिकामं असलं तर तेवढं द्या.'